४० फोटोंची एक मधमाशी

मॅक्रो फोटोग्राफीत कितीही चांगली लेन्स घेतली तरी एक अडचण उरतेच. विषयाच्या जितकं जवळ जावं, तितका फोकसचा पट्टा पातळ होतो. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १:१ मोठेपणाला, म्हणजे विषय सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढाच उमटतो तेव्हा, ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) एफ/८ ठेवलं तर खोलीत जेमतेम १ मिलिमीटर स्पष्ट येतं, तेही निकष सैल धरला तर. २:१ ला, म्हणजे दुप्पट आकाराला, एफ/५.६ वर हा पट्टा पाव मिलिमीटरवर येतो. मधमाशीचं डोकं समोरून घेतलं, तर मिशांच्या टोकापासून डोळ्यांच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर साधारण ४ मिलिमीटर भरतं. म्हणजे एका फोटोत मिशी तरी येणार, नाहीतर डोळा. मला दोन्ही हवे होते, आणि मधली लवही.

ॲपर्चर बारीक करून, म्हणजे एफचा आकडा वाढवून, हे जमत नाही. १:१ ला लेन्सवर एफ/१६ ठेवलं, तर प्रत्यक्षात ते एफ/३२ सारखं वागतं. पट्टा रुंद होतो, पण डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच मऊ पडतं, आणि सगळ्यात आधी बळी जातो तो डोळ्यावरच्या षट्कोनी जाळीचा. ज्या तपशिलासाठी इतक्या जवळ गेलो, तोच गमवायचा, हे मला मान्य नव्हतं. उरतो तो मार्ग फोकस स्टॅकिंगचा: फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो घ्यायचे आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग सॉफ्टवेअरने एकत्र करायचा.

मधमाशी आधीच मेलेली सापडली होती, त्यामुळे ती हलण्याची चिंता नव्हती. कॅमेरा फोकसिंग रेलवर, म्हणजे त्याला बारीक पायऱ्यांनी पुढेमागे सरकवणाऱ्या पट्टीवर, बसवला. कमी मोठेपणाला लेन्सची फोकस रिंग फिरवणं पुरतं, काही कॅमेरे तर फोकस ब्रॅकेटिंग, म्हणजे फोकस सरकवत ओळीने फोटो घेणं, स्वतःच करतात. पण १:१ च्या पुढे मला रेल जास्त भरवशाची वाटते. प्रत्येक पायरी ०.१ मिलिमीटरची ठेवली. फोकसचे पट्टे एकमेकांवर चढले पाहिजेत, नाहीतर अंतिम चित्रात स्पष्ट आणि धूसर अशा आळीपाळीच्या रेघा दिसतात, आणि त्या मागाहून कशानेच भरून निघत नाहीत. ४ मिलिमीटरला ०.१ ने भागलं की ४० फोटो. दोन्ही टोकांना दोन-चार जास्तीचे घेतले.

एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, आयएसओ सगळं मॅन्युअल. इलेक्ट्रॉनिक शटर आणि पसरट प्रकाशासाठी डिफ्यूझरमागे दिवा. या मोठेपणाला टेबलाला लागलेला हातही चित्रात दिसतो, म्हणून प्रत्येक पायरीनंतर क्षणभर थांबून मगच शटर. सेन्सर आधी साफ केला, आणि हे मी कुणालाही आवर्जून सांगेन. सॉफ्टवेअर फोटो जुळवताना प्रत्येक फ्रेम किंचित लहानमोठी करतं, सरकवतं. त्यामुळे सेन्सरवरचा एक धुळीचा ठिपका अंतिम चित्रात ठिपक्यांची माळ होऊन उमटतो. रॉ फाइल्स (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइल्स) एकाच सेटिंगने १६ बिट टिफ या चित्रप्रकारात काढल्या, शार्पनिंग अगदी कमी ठेवून. शार्पनिंगमुळे कडांना येणारी पांढुरकी किनार स्टॅकमध्ये आणखी उठून दिसते.

आता सॉफ्टवेअर. मी झेरीन स्टॅकर वापरलं. हेलिकॉन फोकसही याच तत्त्वांवर चालतं, आणि मोफत हवं असेल तर ह्युगिनमधलं अलाइनमेंटचं साधन आणि एन्फ्यूज ही जोडी आहे. यातल्या कुणालाही मधमाशी कळत नाही, डोळा कळत नाही. शेजारशेजारच्या पिक्सेलमध्ये फरक कुठे जास्त आहे, एवढंच त्याला मोजता येतं. जिथे फरक जास्त तिथे फोकस आहे, असं ते धरून चालतं. हे एकदा नीट ध्यानात आलं की त्याच्या सगळ्या करामती आणि सगळ्या चुका समजायला लागतात.

झेरीनमध्ये दोन पद्धती आहेत. पीमॅक्स ही पिरॅमिड पद्धत, म्हणजे चित्राचे ढोबळ ते बारीक तपशिलाचे थर करून ते जोडणारी, हेलिकॉनमध्ये तिला सी म्हणतात. एकमेकांवरून जाणारी लव, काटे, केस यात तिला तोड नाही. मधमाशीच्या कपाळावरची लव तिने अशी सोडवली की एकेक केस वेगळा मोजावा. पण कॉन्ट्रास्ट शोधता शोधता ती नॉइज (फोटोतले नको असलेले दाणे) पण गोळा करते, आणि रंगांची पोत बदलते. डोळ्याचा गुळगुळीत तपकिरी उतार दाणेदार आणि कडक झाला होता.

दुसरी डीमॅप, हेलिकॉनमधली बी. ती आधी खोलीचा नकाशा बनवते आणि प्रत्येक ठिकाणी मूळ फोटोतलेच पिक्सेल वापरते, त्यामुळे रंग आणि पोत शाबूत राहतात. डोळा तिने सुरेख दिला. पण मिशी जिथे डोळ्यावरून जाते, तिथे तिचा नकाशा गोंधळला आणि मिशीभोवती धूसर वलय उमटलं. डीमॅपमध्ये कॉन्ट्रास्ट थ्रेशोल्डचा स्लायडर असतो. तो सरकवताना जे भाग काळे दिसतात, तिथे पुरेसा तपशील नाही असं सॉफ्टवेअर मानतं आणि आजूबाजूवरून अंदाजाने खोली भरतं. मागची पार्श्वभूमी काळी व्हावी आणि डोळ्याची जाळी उघडी राहावी, इथपर्यंत तो आणायला मला बराच वेळ लागला. पण तोच वेळ सगळ्यात कामी आला.

म्हणून मी दोन्ही पद्धतींचे निकाल काढले. डीमॅपचं चित्र पाया धरलं आणि रीटचिंगच्या ब्रशने पीमॅक्समधली लव आणि मिशांच्या कडा त्यावर रंगवल्या. मूळ फ्रेमसुद्धा स्रोत म्हणून निवडता येते. एका केसाचं टोक दोन्ही निकालांत तुटलं होतं, ते सरळ त्या फ्रेममधून आणलं. फोटो फार असले तर आधी दहा-दहाचे, एकमेकांवर थोडे चढणारे गट करून त्यांचे छोटे स्टॅक बनवावेत. मग चाळीस स्रोतांत शोधाशोध करावी लागत नाही. रीटच करायला कंटाळणारे बरेच जण पहिला निकालच अंतिम मानतात. मला वाटतं, खरं चित्र या ब्रशखालीच तयार होतं.

मिशीच्या कडेला लागून डोळ्याची एक अरुंद पट्टी मात्र कुठूनच मिळेना. डोळ्यावर फोकस असलेल्या फ्रेममध्ये पुढची मिशी धूसर होऊन पसरते आणि नेमका तोच भाग झाकते. मिशीवर फोकस असेल तेव्हा डोळा धूसर. म्हणजे ती पट्टी एकाही फोटोने स्पष्ट पाहिलेली नाही. शेजारची जाळी क्लोन करून, म्हणजे तिची नक्कल उमटवून, ती भरता आली असती. मी भरली नाही, कारण या चित्रात मला डोळा जसा आहे तसाच हवा होता. पुढच्या स्टॅकला मधमाशी काही अंश वळवून बसवली. आता मिशी डोळ्यावरून न जाता त्याच्या बाजूने, लांबच्या गडद पार्श्वभूमीवर येते. तिथे धूसरपणा असला तरी त्यामागे झाकायला तपशीलच नाही, आणि डीमॅपलाही तिथे वलय काढायला काही सापडत नाही.