पन्नाशीत कॅनेडियन रेंजर्समध्ये भरती : माझा अनुभव

लाल हुडी घातलेला माणूस दिसला की तो रेंजर, हे कॅनडाच्या उत्तरेतल्या आमच्या यलोनाइफ शहरात लहान पोरंही सांगतात. कॅनडाच्या सैन्याचं हे राखीव दल 1947 पासूनचं. सुमारे 5,000 माणसं, दुर्गम उत्तरेत आणि किनाऱ्यांवर विखुरलेली. लढाई त्यांच्या वाट्याची नाही. अनोळखी विमान-जहाज दिसलं की कळवायचं, हरवलेल्याला शोधायचं, दक्षिणेतून आलेल्या जवानांना बर्फात तग धरायला शिकवायचं.

अटी मोजक्या. वय 18 पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही (नाहीतर मी कुठला जातोय!), गंभीर गुन्ह्याची नोंद नको. कागदपत्रं आणि चौकशी मात्र रेंगाळते. सरकारी काम, सहा महिने थांब, हे इथेही खरंच.

खरी परीक्षा गस्ती तुकडीसमोर. तुकडीचा सार्जंट वरून नेमलेला नसतो, सदस्यच त्याला मतं देऊन निवडतात. त्याने शिक्षण विचारलंच नाही. ‘तलाव ओलांडताना बर्फ कसा पारखतोस?’ एवढंच. निळसर, आरपार दिसणारा बर्फ भक्कम. पांढरा साधारण निम्म्या ताकदीचा. राखाडी असेल तर पाऊल टाकायचं नाही. ग्रेट स्लेव्ह तलावावर मासेमारी करून हे मला पाठ होतं. हिमाच्या थराखाली लपलेलं पाणी ओळखायला मात्र तुकडीतल्या देने या इथल्या मूळ रहिवासी लोकांनी पुढे शिकवलं. वरून सगळं कोरडं दिसतं आणि स्नोमोबाईल खचकन रुतते. उणे चाळीसमध्ये ओले बूट म्हणजे काय, हे सांगायला नको. स्थानिकांच्या हाती निवड आहे ते बरंच आहे. धावण्याच्या चाचणीतून ही पारख कळली नसती.

प्रशिक्षणात नकाशा, होकायंत्र, रेडिओ, प्रथमोपचार. जुनी ली-एनफील्ड जाऊन 2018 पासून सी-19 रायफल येऊ लागली. तिचा उपयोग मुख्यतः अस्वलापासून बचावासाठी. गारठ्यातून आलेली रायफल उबदार तंबूत न्यायची नाही, दव धरतं आणि बाहेर आल्यावर आतली कळ गोठते.

ड्यूटीच्या दिवसांचा पगार मिळतो. स्नोमोबाईल आपलीच, तिच्या वापराचा भत्ता ठरलेला. सुटे भाग आधीच घेऊन ठेवा, आणि अर्ज भरण्याआधी तुकडीच्या बैठकीला जाऊन बसा. तिथे ओळख झाली की निम्म्या शंका आपोआप मिटतात.