फोटो क्रमाने लावण्याआधी कॅमेऱ्यांची घड्याळे जुळवा

एकाच समारंभाचे किंवा सहलीचे फोटो तीन-चार कॅमेऱ्यांतून गोळा झाले की ते सगळे एका फोल्डरमध्ये टाकून तारखेनुसार लावून टाकण्याचा मोह कोणालाही होतो. निकाल बहुतेकदा विचित्र लागतो. निरोपाचे फोटो स्वागताच्या आधी येतात, दोघांनी एकाच क्षणी टिपलेले फोटो एकमेकांपासून दूर जाऊन पडतात आणि एखाद्या कॅमेऱ्याचे सगळेच्या सगळे फोटो कुठल्यातरी जुन्या सालच्या १ जानेवारीला जाऊन बसतात. संगणकाने मिळालेल्या आकड्यांप्रमाणे क्रम बरोबरच लावलेला असतो. मात्र ते आकडे वेगवेगळ्या घड्याळांवरून आलेले असतात आणि ती घड्याळे एकमेकांशी कधी कोणी जुळवलेली नसतात. या कामातला खरा वेळ त्या जुळवणीत जातो. ती झाली की क्रम लावणे मिनिटभराचे काम उरते.

सुरुवातीला कोणती वेळ धरायची हे ठरवावे लागते, कारण एकाच फाइलला अनेक वेळा चिकटलेल्या असतात. संगणक दाखवतो ती ‘फाइल तयार झाल्याची वेळ’ या कामात निरुपयोगी आहे, कारण कार्डावरून फाइल उतरवून घेतली की पुष्कळदा ती वेळ उतरवण्याच्या क्षणाची होते. म्हणूनच एखादी फाइल आधी ‘बदलली’ आणि नंतर ‘तयार झाली’ असा उफराटा प्रकार दिसतो. आपल्याला हवी ती वेळ फोटोच्या आत, एक्झिफ नावाच्या नोंदीत असते. हे प्रमाण जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने १९९५ साली आणले आणि आज जवळपास प्रत्येक कॅमेरा व फोन ते पाळतो. त्यातही तारखेच्या तीन नोंदी असतात: फोटो मुळात काढल्याची, तो डिजिटल स्वरूपात आल्याची आणि फाइलमध्ये शेवटचा बदल झाल्याची. कॅमेऱ्यातून थेट आलेल्या फोटोत पहिल्या दोन सारख्याच असतात. जुना छापील फोटो स्कॅन केला तर त्यांच्यात कित्येक वर्षांचे अंतर पडू शकते. क्रमासाठी नेहमी पहिलीच धरावी. तिसरी नोंद फोटोत काही सुधारणा करून जतन केल्यावर बदलू शकते, आणि काही प्रणाली नेमकी तीच दाखवतात.

या नोंदीची एक उणीव मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद एवढे तीत असते, पण ही वेळ जगातल्या कोणत्या वेळपट्ट्यातली हे मूळ रचनेत कुठेच नमूद होत नव्हते. त्यासाठीची वेगळी नोंद २०१६ साली आलेल्या २.३१ या आवृत्तीत मिळाली, आणि जुने कॅमेरे अर्थातच ती लिहीत नाहीत. कॅमेऱ्याच्या घड्याळाने सांगितले ते एक्झिफने लिहून घेतले, इतकाच त्या वेळेचा अर्थ आहे.

आता ही घड्याळे कशी असतात ते पाहू. फोन आपली वेळ नेटवर्कवरून सतत दुरुस्त करून घेतो, त्यामुळे त्याच्यावर सहसा डोळे झाकून विश्वास ठेवता येतो. स्वतंत्र कॅमेऱ्यात मात्र साधे क्वार्ट्झचे घड्याळ असते. ते महिन्याला काही सेकंदांनी पुढे किंवा मागे सरकत राहते, कोणी हात लावला नाही तर वर्षभरात काही मिनिटे चुकते आणि आतली छोटी बॅटरी पूर्ण उतरली तर थेट कारखान्यातल्या तारखेवर परतते. याशिवाय माणसांच्या चुका असतातच. सकाळ-संध्याकाळची अदलाबदल, दिवस आणि महिन्याची उलटापालट, चुकीचे वर्ष, प्रवासात बदललेली किंवा बदलायची राहिलेली वेळ. या चुकांची एक सोय अशी की त्या ठरावीक मापाच्या असतात. फरक बारा तासांच्या किंवा बरोबर एका वर्षाच्या आसपास आला, तर कारण शोधत बसावे लागत नाही.

हा फरक मोजण्याची सर्वांत खात्रीची रीत म्हणजे प्रत्येक कॅमेऱ्याने फोनच्या पडद्यावरील सेकंदांसह दिसणाऱ्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवणे. समजा पहिल्या कॅमेऱ्याच्या अशा फोटोत पडद्यावर १०:४२:१७ दिसते आणि त्याच फोटोच्या एक्झिफमध्ये १०:३८:४९ लिहिलेले आहे. हा कॅमेरा ३ मिनिटे २८ सेकंद मागे आहे, म्हणून त्याच्या प्रत्येक फोटोत तेवढी वेळ मिळवायची. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या फोटोत पडदा १०:४२:३१ दाखवतो आणि एक्झिफ म्हणते २२:४१:५५. येथे फरक ११ तास ५९ मिनिटे २४ सेकंदांचा आहे. म्हणजे घड्याळ लावताना सकाळऐवजी संध्याकाळ निवडली गेली आणि मुळात ते ३६ सेकंद मागेही होते. या दुसऱ्या कॅमेऱ्याने दुपारी तीन वाजता काढलेला फोटो दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचा म्हणून नोंदला जातो, आणि दिवसानुसार फोल्डर पाडले तर एका दिवसाचे फोटो दोन फोल्डरांत विभागले जातात. फरक काढण्याआधी फोल्डर पाडू नयेत असे मी आग्रहाने सांगतो, ते यामुळेच.

घड्याळाचा फोटो आधी काढलेला नसला तरी नंतर काढला म्हणून बिघडत नाही, मात्र मधल्या काळात कोणी कॅमेऱ्याची वेळ बदललेली नसावी. कॅमेरा हाताशी नसेल, फक्त कार्डातल्या फाइलीच मिळाल्या असतील, तर फोटोंमध्येच सामाईक क्षण शोधावा लागतो. टाळी वाजतानाचे हात, हवेत फेकलेली वस्तू, दोन छायाचित्रकारांनी एकमेकांकडे रोखलेले कॅमेरे, मागच्या भिंतीवरचे घड्याळ, यांपैकी काहीतरी सापडतेच. हसरे चेहरे या कामाला उपयोगी नाहीत, कारण हसू दहा-पंधरा सेकंद टिकते; जे क्षणात घडून जाते तेच पाहावे. असे निदान दोन क्षण घ्यावेत, एक सुरुवातीचा आणि एक शेवटचा. दोन्ही ठिकाणी फरक सारखाच आला तर हिशेब बरोबर आहे, आणि मोठा बदल दिसला तर मध्येच कोणीतरी घड्याळ दुरुस्त केले असे समजून तो टप्पा शोधावा.

सगळी घड्याळे खऱ्या वेळेला आणलीच पाहिजेत असे नाही. क्रमासाठी ती एकमेकांशी जुळली तरी पुरते. तरीही फोन हाताशी असताना त्यालाच प्रमाण मानणे सोयीचे, कारण मग पुढे कधी आणखी कोणाच्या फोनचे फोटो आले तर ते बहुधा आपोआप जागेवर बसतात.

दुरुस्ती करताना ‘वेळ सरकवणे’ आणि ‘वेळ नेमून देणे’ या दोहोंत गल्लत होऊ देऊ नये. नेमून दिली तर निवडलेल्या सगळ्या फोटोंवर एकच वेळ उमटू शकते आणि त्यांच्यातली मूळ अंतरे कायमची पुसली जातात. फिल हार्वे यांनी लिहिलेले एक्झिफटूल हे २००३ पासून उपलब्ध असलेले मोफत साधन सरकवण्याचे काम एका ओळीत करते, आणि वेगळे सांगितले नाही तर मूळ फाइल नावाला शेपूट जोडून बाजूला ठेवते. आज्ञा टंकण्याचा कंटाळा असेल त्यांनी डिजिकॅम हे फोटो सांभाळण्याचे साधन वापरावे. त्यात घड्याळाचा फोटो दाखवून फरक काढण्याची सोयच दिलेली आहे. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या साधनात अनेक फोटो निवडून एकाची वेळ बदलली की बाकीचे त्याच फरकाने सरकतात, फक्त तो बदल त्याच्या कॅटलॉगपुरता, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नोंदवहीपुरता, न राहता फाइलपर्यंत पोहोचला की नाही हे पाहून घ्यावे. साधन कोणतेही असो, प्रत्येक कॅमेऱ्याचा फोल्डर जुळवणी पूर्ण होईपर्यंत वेगळा ठेवावा आणि किती वेळ सरकवली हे तिथेच एका मजकूर फाइलमध्ये लिहावे, म्हणजे तीच दुरुस्ती दुसऱ्यांदा होणार नाही. फाइली एकत्र झाल्याच असतील तर एक्झिफमधील मॉडेलच्या नावावरून त्या वेगळ्या काढता येतात, आणि दोन कॅमेरे एकाच मॉडेलचे असतील तर बहुधा कॅमेऱ्याच्या अनुक्रमांकावरून.

चित्रफितींकडे मात्र वेगळे लक्ष द्यावे लागते. एमपी४ फाइलमधील वेळ १ जानेवारी १९०४ पासूनच्या सेकंदांत मोजलेली असते आणि नियमाप्रमाणे ती जागतिक प्रमाणवेळ असायला हवी. फोन हा नियम सहसा पाळतात, अनेक कॅमेरे मात्र तिथेही स्थानिक वेळच लिहितात. त्यामुळे फोटो जुळले आणि त्याच उपकरणाच्या चित्रफिती कित्येक तास मागे-पुढे पडल्या, तर बहुधा हेच कारण असते. जगात अर्ध्या आणि पाऊण तासाचे वेळपट्टेही आहेत, म्हणून फरक पूर्ण तासांचाच असेल असे गृहीत धरू नये.

वेळा जुळल्यानंतर मी फाइलींची नावेही बदलतो. कॅमेऱ्याने दिलेल्या नावात चारच अंक असतात. ९९९९ नंतर मोजणी पुन्हा ०००१ वर येते, आणि दोन कॅमेऱ्यांची नावे सारखी निघाली तर एक फाइल दुसरीवर चढण्याचा धोका असतो. नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस आणि वेळ असा उतरता क्रम ठेवला की अक्षरांनुसार लावलेली यादी आपोआप काळानुसार लागते. शेवटी कॅमेऱ्याची छोटी खूण जोडावी. सलग धडाक्यात काढलेल्या फोटोंमध्ये एका सेकंदात दहा फ्रेम सहज येतात, त्यामुळे सेकंदाच्या अंशाची नोंद असल्यास ती, नसल्यास मूळ क्रमांक नावात राहू द्यावा. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता जतन केलेली मूळ फाइल), तिची जेपेग जोड आणि केलेल्या संपादनाची नोंद ठेवणारी एक्सएमपी फाइल यांची नावे एकाच वेळी बदलली पाहिजेत, नाहीतर केलेले संपादन फोटोपासून तुटते.

शेवटी उरतात ते मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेले फोटो. त्यांतले एक्झिफ बहुधा वाटेतच गळून गेलेले असते आणि नावात तारीख असली तरी ती काढल्याची असेलच असे नाही. पाठवणाऱ्याकडून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी, मागवता आला तर उत्तम. नाहीच मिळाला तर शेजारच्या फोटोंवरून अंदाजे वेळ द्यावी, सेकंदांच्या जागी शून्य ठेवावे आणि ‘वेळ अंदाजे’ असा टॅग लावावा, म्हणजे पुढे कोणी या फोटोच्या आधारे दुसऱ्या कॅमेऱ्याचे घड्याळ जुळवायला जाणार नाही.