किराणा यादी अपडेट: ओळ मिटतानाचा झटका गेला एकदाचा

मंडळी, यादीचं काम पुढे सरकलंय. नवीन लोकांसाठी थोडक्यात, घरच्या किराण्याच्या यादीचं वेबपान आहे, फोनवर उघडायचं, वस्तू घेतली की टिक करायचं आणि ती ओळ विरत विरत मिटून जायला हवी. विरण्यात काही अवघड नाही, ओपॅसिटी (अपारदर्शकता) १ वरून ० वर आणायची, पाव सेकंदाचं ट्रान्झिशन (हळूहळू होणारा बदल) लावायचं, विषय संपला. पण ओपॅसिटी शून्य झाली तरी ओळीची जागा अडलेलीच राहते ना, मग एलिमेंट (म्हणजे पानातून ती ओळच) काढला की खालची अख्खी यादी धाडकन वर येते, तूरडाळ टिक करायला जावं तर बोटाखाली साखर आलेली असते.

खरी गोची हाइटची. हाइट ऑटो असेल, म्हणजे उंची आतल्या मजकुरावरून ठरत असेल, तर ऑटोपासून शून्यापर्यंत ब्राउझर आपणहून ट्रान्झिशन करत नाही. म्हणून सगळे मॅक्स-हाइटचा जुगाड सांगतात (उंचीला मोठी मर्यादा घालायची आणि ती मर्यादा शून्यावर आणायची), मला तो कधीच आवडला नाही आणि कारण साधं गणित आहे: ओळ ४८ पिक्सेलची, मॅक्स-हाइट ठेवली ५००, वेळ ३०० मिलिसेकंद आणि वेग लिनिअर (सगळीकडे सारखा), तर पहिले २७० मिलिसेकंद ५०० वरून ४८ वर यायलाच जातात, तोवर स्क्रीनवर काहीच हलत नाही, आणि उरलेल्या तिसेक मिलिसेकंदांत म्हणजे ६० हर्ट्झवर जेमतेम दोन फ्रेममध्ये ओळ गडप. जेक्वेरी या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं स्लाइडअप यापेक्षा बरं होतं, ते निदान खरी उंची मोजून ४०० मिलिसेकंदांत व्यवस्थित मिटवायचं, पॅडिंग-मार्जिनसकट (आतली आणि बाहेरची मोकळी जागा).

आता मी ग्रिडवर, म्हणजे सीएसएसच्या खान्यांच्या मांडणीवर आलोय. एलआयला (यादीतल्या एका ओळीचा टॅग) डिस्प्ले ग्रिड, ग्रिड-टेम्प्लेट-रोज १एफआर वरून ०एफआर (एफआर म्हणजे जागेचा वाटा), आत एक डिव्ह (साधा डबा) आणि त्याला ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर जाईल ते लपतं. क्रोममध्ये हे २०२२ मध्ये आवृत्ती १०७ पासून चालतं, फायरफॉक्समध्ये त्याच्याही आधीपासून. उंची मोजायची भानगडच नाही. फक्त पॅडिंग त्या ओव्हरफ्लोवाल्या डिव्हला देऊ नका, वर-खाली १२-१२ दिलंत तर ओळ मिटूनही २४ पिक्सेलची पट्टी उरते. पॅडिंग अजून एक पातळी आत ढकला.

तरी शेवटी एक बारीकसा झटका बसतच होता. तो गॅपचा, म्हणजे दोन ओळींमधल्या जागेचा निघाला. यादी फ्लेक्स कॉलम (ओळी एकाखाली एक), गॅप ८ पिक्सेल, ओळ शून्य उंचीची झाली तरी जोवर ती डॉममध्ये (पानाच्या रचनेत) आहे तोवर तिचा गॅप जिवंत, आणि ती काढली की ८ पिक्सेलची उडी. गॅप उडवला आणि तेवढी जागा ओळीच्या आतल्या पॅडिंगमध्येच टाकली, आता ती ओळीबरोबरच मिटते. डोळ्याला ८ पिक्सेल म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण लागोपाठ तीन-चार वस्तू टिक करून बघा, कळेल.

टायमिंगबद्दल माझं मत: विरणं आणि मिटणं दोन्ही एकदम सुरू केलं तर अक्षरं कापली जाताना दिसतात, घाणेरडं वाटतं. आधी फेड (विरणं) १५० मिलिसेकंद, आणि मिटणं १०० मिलिसेकंद थांबून सुरू, म्हणजे कापायला अक्षरं जवळपास उरतच नाहीत.

एलिमेंट काढायला ट्रान्झिशनएंडवर (ट्रान्झिशन संपल्याचा ब्राउझरचा इशारा) विसंबू नका. तो प्रत्येक प्रॉपर्टीसाठी वेगळा येतो, आतल्या बटणाचा होव्हर (माउस वर असतानाचा बदल) संपला तरी बबल होऊन, म्हणजे आतून बाहेरच्या एलिमेंटकडे, वर येतो, आणि कोणी फोनमध्ये अ‍ॅनिमेशन कमी ठेवलं असेल, आपण त्याचा मान ठेवून ट्रान्झिशन बंद केलं असेल, तर येतच नाही, ओळ तशीच लटकून राहते. मी मिटवायचा क्लास लावल्यावर लगेच एलआयवर गेटअ‍ॅनिमेशन्स घेतो (चालू अ‍ॅनिमेशनची यादी), त्यांचे फिनिश्ड प्रॉमिस ऑलसेटल्डमध्ये देतो, म्हणजे सगळी संपेपर्यंत थांबतो, आणि मग रिमूव्ह. अ‍ॅनिमेशन एकही नसेल तर ती अ‍ॅनिमेशनची यादी रिकामी मिळते आणि ओळ लगेच जाते.

आणि हो, काढायच्या आधी फोकस (कीबोर्ड सध्या कुठे आहे ती जागा) पुढच्या ओळीच्या चेकबॉक्सवर न्या, नाहीतर कीबोर्डवाला माणूस पानाच्या सुरुवातीला फेकला जाऊ शकतो.

इंटरपोलेट-साइज ही सीएसएस प्रॉपर्टी क्रोम १२९ मध्ये, २०२४ ला आली, तिने हाइट ऑटोचं थेट ट्रान्झिशन होतं, पण फक्त क्रोमसाठी ग्रिड सोडायची माझी तयारी नाही. पुढचं काम अनडू, म्हणजे मिटलेली ओळ तितक्याच सावकाश परत उघडायची. त्यासाठी स्टार्टिंग-स्टाइल (नवा एलिमेंट कुठल्या रूपापासून ट्रान्झिशन सुरू करेल ते सांगणारा सीएसएस नियम) घेऊन बसलोय, कोणी ग्रिडबरोबर वापरलं असेल तर सांगा.