अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यातली फेरी: तिकीट हातात, बोट भलतीकडे

तिकिटावर दुपारी अडीचची वेळ छापलेली होती. बोट धक्क्यावरून सुटली तेव्हा सव्वाचार होऊन गेले होते. मधला सगळा वेळ मी सत्तरी ओलांडलेल्या आई-बाबांना घेऊन सेंट्राल स्टेशनसमोर, बोचऱ्या वाऱ्यात, या धक्क्यावरून त्या धक्क्यावर फिरत होते. फेरी अप्रतिम झाली, तिच्याबद्दल पुढे लिहितेच. पण उन्हाळ्यात भारतातून कितीतरी जणांचे आई-बाबा, सासू-सासरे इकडे येतात आणि जवळजवळ सगळेच ही बोट करतात. त्यांची तरी अशी परवड होऊ नये, म्हणून आधी धक्क्यावरचं सविस्तर लिहिते.

आम्ही अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टेलवीनला राहतो. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, उभी नोकरी कालवे, दरवाजे आणि पाणीपाळ्या यांत गेली. त्यांना अ‍ॅमस्टरडॅम दाखवायचं तर पाण्यावरूनच, आणि तेही माहिती सांगणारा माणूस बरोबर असलेल्या बोटीतून, हे माझं आधीपासून ठरलेलं होतं. इथे साधारण दोन प्रकारच्या फेऱ्या असतात. एक मोठी, काचेच्या छताची बोट. तिच्यात हेडफोन लावून रेकॉर्ड केलेली माहिती ऐकायची, भाषा आपण निवडायची. दुसरी छोटी, बहुतेक वेळा उघडी बोट, तिच्यात गाइड समोर उभं राहून बोलतो. हेडफोनला प्रश्न विचारता येत नाही आणि बाबांना तर प्रश्नच विचारायचे होते. म्हणून माणशी जास्त पैसे मोजून मी गाइडवाली फेरी घेतली. तिकिटं विकणाऱ्या एका वेबसाइटवर 'प्रत्यक्ष गाइड, दुपारी 2.30, सेंट्राल स्टेशनजवळ' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पैसे गेले, मेल आला, क्यूआर कोड आला.

घरून ट्रामने झाउद स्टेशन, तिथून मेट्रो 52 ने सेंट्राल. त्यात सांगण्यासारखं काही नाही. वेळेच्या बरंच आधी पोचलो होतो.

आता 'सेंट्राल स्टेशनजवळ' म्हणजे नेमकं कुठे? स्टेशनसमोर पाणी आहे आणि त्या पाण्याच्या कडेने वेगवेगळ्या कंपन्यांचे धक्के आहेत. काही डामराकच्या बाजूला, काही प्रिन्स हेंड्रिककाडेच्या बाजूला. लांबून सगळ्या बोटी सारख्याच दिसतात आणि सगळीकडे 'कॅनल क्रूझ' असंच लिहिलेलं असतं. माझ्या मेलमध्ये जे नाव होतं ते फेरीचं, बोटकंपनीचं नव्हे. पहिल्या धक्क्यावर रांगेत उभे राहिलो. आमची पाळी आली, निळ्या जॅकेटमधल्या मुलाने फोन स्कॅन केला आणि मशीनवर लाल पट्टी उमटली. "हे आमचं नाही, पलीकडे जा."

पलीकडे म्हणजे ट्रामचे रूळ ओलांडून, सायकलींची वाट ओलांडून. अ‍ॅमस्टरडॅममध्ये राहणाऱ्याला सांगायला नको, इथे गाड्यांपेक्षा सायकलींची भीती जास्त. आईचे दोन्ही गुडघे दुखरे. तिला हाताला धरून, थांबत थांबत नेलं. दुसऱ्या धक्क्यावर क्यूआर हिरवा झाला. मला वाटलं, सुटलो. तर तिथली बाई म्हणाली, "हे तिकीट नाही, हे व्हाउचर आहे. त्या खिडकीवर जाऊन बोर्डिंग कार्ड घ्या." मेलमध्ये व्हाउचर हा शब्द कुठेही नव्हता, मी तिथल्या तिथे मेल उघडून तिला दाखवला. तिने खांदे उडवले आणि पुन्हा खिडकीकडे बोट केलं.

खिडकीची रांग वेगळी, आणि तीत आमच्यासारखेच बाहेरून तिकीट काढून आलेले सगळे. तिथे पोचेपर्यंत अडीच वाजून गेले होते. खिडकीतल्या मुलीने कोड तपासला, स्क्रीनकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की गाइडवाली अडीचची बोट भरून गेली, तुम्ही हेडफोनच्या बोटीत बसा, ती दहा मिनिटांत सुटते.

मी म्हटलं, आम्ही गाइडचे पैसे भरलेत. वेळही तुम्हीच दिलीय.

"ती वेळ अंदाजे असते," ती म्हणाली. "जागा असेल त्याप्रमाणे."

अंदाजे असेल तर तसं लिहा ना! रेल्वेचं तिकीट देऊन, गाडी कुठली ते आल्यावर बघू, असं कुणी म्हणतं का? मी फरकाचे पैसे परत मागितले. ते ज्यांच्याकडून तिकीट घेतलं त्यांच्याकडे मागा, असं उत्तर मिळालं. त्या वेबसाइटच्या मदत क्रमांकावर फोन लावला तर त्यांनी सांगितलं, फेरी कंपनीने बदलली, पैसे कंपनीने द्यायचे. एका हाताला खिडकी, दुसऱ्या कानाला फोन, आणि दोघांच्या मध्ये मी. मागच्या रांगेतले लोक चुळबुळ करायला लागले होते. पण मी हलले नाही. पुढची गाइडवाली बोट कधी आहे ते सांगा आणि आमची नावं तिच्यात लिहून हातात कागद द्या, एवढं एकच मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. शेवटी तिने सव्वाचारची तीन बोर्डिंग कार्डं छापून दिली. त्यावर गाइडची खूण आहे ना, हे मी खिडकीवरच तपासून घेतलं. तुम्हीही तसंच करा, खिडकी सोडली की कुणी ऐकत नाही.

आई म्हणाली, "अगं, राहू दे गं, त्या काचेच्या बोटीत बसू, काय फरक पडतो?" बाबा काहीच बोलले नाहीत, त्यावरूनच मला कळलं की त्यांना फरक पडत होता.

धक्क्यावर बसायला बाक नव्हता. आईला कठड्यावर टेकवून उभं केलं. समोरून एकेक काचेची बोट सुटत होती आणि आत रिकाम्या खुर्च्याही दिसत होत्या. त्याने माझा राग आणखी वाढला. शेवटी बोटीवरच्या एका वयस्कर खलाशाने आईकडे पाहिलं, टपरीच्या मागून एक घडीची खुर्ची काढली आणि न विचारता तिच्यापाशी आणून ठेवली. त्या दुपारी त्या कंपनीतल्या एका माणसाने आपणहून केलेली ही एवढीच गोष्ट, आणि त्याचे मी मनापासून आभार मानते.

इथेच सांगून टाकते, स्वच्छतागृहाची सोय आधी बघा. छोट्या बोटींवर ते नसतंच म्हणायला हरकत नाही. स्टेशनातलं पैसे देऊन वापरायचं आहे, कार्डाने पैसे घेतात, पण धक्क्यावरून तिथवर जाऊन यायला वयस्कर माणसाला वेळ लागतो.

आणि मे महिना आहे म्हणून जॅकेट घरी ठेवू नका. उघड्या बोटीत, पाण्यावरचा वारा उन्हातसुद्धा लागतो. आमच्या बोटीत पांघरायला ब्लँकेटं होती, सगळीकडे असतील असं नाही.

बोटीत चढताना दोन पायऱ्या खाली उतराव्या लागतात आणि बोट हलत असते. खलाशी हात देतात. आपण आधी उतरून ज्येष्ठांना समोरून धरावं, मागून नको. बाबांना मी मुद्दाम गाइडच्या शेजारची जागा दिली.

आणि मग ती फेरी. विजेवर चालणारी बोट, त्यामुळे इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. शहराच्या मध्यभागातल्या प्रवासी बोटी धूर न सोडणाऱ्याच असाव्यात असं धोरण महापालिकेने ठरवलं आहे, ते अशा वेळी फार कळतं. गाइड तिशीतली मुलगी, इंग्रजी एकदम स्पष्ट. हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त हे एकाबाहेर एक असे अर्धवर्तुळाकार कालवे. 1613 मध्ये खोदकाम सुरू झालं, आणि 2010 मध्ये हा सगळा पट्टा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. घरं अरुंद, उंच, आणि कित्येक पुढे झुकलेली. माथ्यावर बहुतेकांना एक आडवी तुळई आणि तिला सामान ओढायचा लोखंडी आकडा. जिने इतके चिंचोळे की कपाटं, पलंग आजही दोर लावून बाहेरूनच वर चढवतात. घर पुढे झुकलेलं असलं की वर जाणारं सामान भिंतीला घासत नाही. आईला हे इतकं पटलं की नंतर प्रत्येक घराचा आकडा ती मला बोटाने दाखवत होती. दुसरं तिला दिसलं ते म्हणजे एवढ्या मोठाल्या खिडक्या आणि पडदे कुणाचेच ओढलेले नाहीत.

प्रिन्सेनग्राख्तवर वेस्टरकेर्कचा मनोरा लागतो, रेम्ब्रांट याच चर्चमध्ये पुरलेला आहे. जवळच 263 क्रमांकाचं घर, अ‍ॅन फ्रँकचं. बोटीतून फक्त बाहेरून दिसतं. आत जायचं असेल तर त्याची तिकिटं दर मंगळवारी, सहा आठवडे पुढची, आणि त्यांच्याच वेबसाइटवर निघतात. ती पटापट संपतात. आई-बाबांच्या विमानाची तारीख ठरली की ते काम पहिल्यांदा करा.

बाबांचा पहिला प्रश्न होता, हे सगळं उभं कशावर आहे? गाइड खूश झाली. वरची माती पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची, भुसभुशीत, त्यामुळे खालच्या वाळूच्या थरापर्यंत लाकडी खांब ठोकायचे आणि त्यावर घर. डाम चौकातला राजवाडा 13,659 खांबांवर उभा आहे. इथल्या मुलांना हा आकडा पाठ असतो, कारण वर्षाचे दिवस 365, त्याच्या आधी 1 आणि नंतर 9. बाबांनी खिशातली छोटी वही काढून ते लिहून घेतलं.

पुढे एका ठिकाणी काठाला लागून पाण्यात लोखंडी पत्रे उभे ठोकलेले दिसले. "शीट पाइल," बाबा लगेच म्हणाले, "भिंत सरकतेय." बरोबर तेच होतं. जुन्या काठाच्या भिंती घोड्यागाड्यांच्या हिशेबाने बांधलेल्या, आता त्यांच्यावरून ट्रक जातात. 2020 मध्ये ग्रिमबुर्खवालची भिंत कालव्यात कोसळली, तेव्हापासून दुरुस्तीला जोर आला. त्या कामांमुळे बोटींचे मार्ग बदलतात, तेव्हा अमुक एक जागा दिसलीच पाहिजे असा हट्ट असेल तर आधी विचारून घ्या. रेखुलिर्सग्राख्तच्या तोंडाशी एकामागे एक सात पूल एका रेषेत दिसतात, तिथे मात्र बहुतेक बोटी थांबतात.

खरी मजा आमस्टेल नदीत आली. मागेरे ब्रुख या पांढऱ्या लाकडी पुलापाशी, कारे थिएटरसमोर, जुने जलदरवाजे आहेत, सतराव्या शतकातले. बाबा उठून उभेच राहिले, गाइडने त्यांना खाली बसायला लावलं. कालव्यांतलं पाणी साचलेलं नसतं. पूर्वेला झेबुर्खच्या पंपांनी आयमेर तलावाचं पाणी आत घ्यायचं, ठिकठिकाणचे दरवाजे बंद करून त्याला वळण द्यायचं आणि जुनं पाणी पश्चिमेकडे नॉर्थ सी कालव्यात ढकलायचं, तेही रात्री, बोटी नसताना. 1932 मध्ये आफस्लाउटडाइकचा समुद्र अडवणारा बांध पुरा होईपर्यंत इकडे खाडीचं खारं पाणी होतं. कालव्यांची पातळी अ‍ॅमस्टरडॅमच्या शून्य पातळीच्या, म्हणजे उंची मोजायच्या इथल्या आधाराच्या, सुमारे 40 सेंटिमीटर खाली राखतात. "राखतात म्हणजे रोज?" बाबांनी विचारलं. रोज. त्यावर बाबांनी तिला उजनीच्या डाव्या कालव्याचं आवर्तन कसं सोडतात ते सांगितलं, मी मधे भाषांतर करत होते, आणि ती मुलगी बोट वळेपर्यंत कान देऊन ऐकत होती. हे हेडफोनच्या बोटीत झालं असतं का? खिडकीवर अडून बसले ते योग्यच केलं, असं मला अजूनही ठामपणे वाटतं.

परतताना ओस्टरडोकमधून, नेमो संग्रहालयाच्या हिरव्या इमारतीजवळून बोट स्टेशनपाशी आली.

नंतर मैत्रिणीच्या आई-वडिलांना घेऊन गेले तेव्हा रेइक्सम्युझियमसमोरच्या, स्टाडहाउडर्सकाडेवरच्या धक्क्यावरून गेलो. सकाळची पहिली बोट, तिकीट थेट बोटकंपनीच्या वेबसाइटवर काढलेलं. तिथे गर्दी नव्हती आणि दुसऱ्या कुठल्या खिडकीवर जावं लागलं नाही. भारतातून आधीच तिकीट काढणार असाल तर आयडील हा पर्याय डच बँकेच्या खात्याशिवाय चालत नाही, क्रेडिट कार्ड निवडा आणि त्यावर परदेशी व्यवहार चालू आहेत का ते बघा. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, म्हणून इथे आल्यावर रोमिंग नसेल तर निघण्याआधीच पैसे भरून टाका. मेल आला की त्यात तीन गोष्टी शोधा: बोटकंपनीचं नाव, धक्क्याचा रस्त्यासकट पत्ता, आणि वेळ पक्की आहे की नाही. एखादी नसेल तर त्याच दिवशी लिहून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

माझ्या फरकाच्या पैशांचं अजून तसंच आहे. वेबसाइट कंपनीकडे बोट दाखवते, कंपनी वेबसाइटकडे. दोघांनाही बोर्डिंग कार्डांचे फोटो, वेळ आणि पहिला मेल पुन्हा पाठवलाय. कुणाला असे पैसे परत मिळाले असतील तर ते कोणी दिले आणि काय लिहिल्यावर दिले, तेवढं नक्की सांगा.