कासा बेरार्डी डायोरामा (लढाईचा छोटा देखावा), १/७२ स्केल: काम कुठवर आलं

बरेच जण विचारत होते म्हणून अपडेट. नवीन लोकांसाठी विषय: १४ डिसेंबर १९४३, इटली, ओर्टोनाच्या अलीकडची घळ, रॉयल २२वी रेजिमेंट म्हणजे कॅनडातल्या क्विबेकची फ्रेंच बोलणारी पायदळ पलटण, तिची 'सी' कंपनी, कॅप्टन पॉल त्रिके आणि सोबतीला ओंटारिओ रेजिमेंटचे शर्मन रणगाडे. सगळे ओर्टोना शहराच्या गल्ल्यांमधली लढाईच करतात, मला ही घळ जास्त भारी वाटते.

कंपनीतले बाकीचे सगळे अधिकारी आणि निम्मी माणसं मेली नाहीतर जखमी झाली, तरी त्रिकेने उरलेल्यांना पुढे रेटलं आणि कासा बेरार्डी या घराजवळ पोचेपर्यंत राहिले दोन सार्जंट अन् १५ जवान. म्हणून फिगर बरोबर १८, बॉक्समध्ये कितीही असू देत. बेस रिकामा दिसतोय म्हणाल तर दिसू दे, तेच दाखवायचंय. त्रिकेला या लढाईचा व्हिक्टोरिया क्रॉस (व्हीसी, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळाला, पण त्याला मधोमध हात वर करून ओरडणारा नाही केला, पडक्या भिंतीआड टॉमीगन भरतोय.

बॅटलड्रेसला (गणवेशाला) व्हॅलेहो कंपनीचा 'इंग्लिश युनिफॉर्म' रंग, वर सेपिया वॉश (पातळ रंगाचा हात), ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशचा हात) अगदी हलका. दंडावर पहिल्या कॅनेडियन डिव्हिजनचा लाल आयत, या साइजला डेकलच्या (चिकटवायच्या छापील चित्राच्या) नादी लागू नका, बारीक ब्रशने दोन फटके पुरतात. चिखलाला वाळवलेला चहाचा चोथा, फेविकॉल आणि पीओपी, वर ग्लॉस वार्निश कारण पावसाळी डिसेंबर होता तो.

शर्मन घेताना एम४ए४ हा प्रकारच बघा. त्यात मोटारगाडीची पाच इंजिनं एकत्र जोडलेली असायची म्हणून हल (रणगाड्याचं धड) लांब आणि चाकांच्या जोड्यांत फट जास्त, साधा एम४ए१ ठेवलात तर कोणीतरी पकडणारच. शेवटी चार रणगाडे उरले होते, मी एकच ठेवतोय, बाकीचे तीन फ्रेमबाहेर आहेत असं समजा, खिसा पण बघावा लागतो.

आणि हो, कॅनेडियन लोकांच्या डावीकडे आपली ८वी इंडियन डिव्हिजन होती, त्यात १/५ मराठा लाइट इन्फंट्री. त्याच पलटणीच्या नामदेव जाधवांना एप्रिल १९४५ मधल्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी व्हीसी मिळाला, कंपनी रनर (निरोप पोचवणारे) होते ते. पुढचा बेस तोच, नदीचे उंच बांध कशात कोरायचे ते बघतोय.

सध्या ऑलिव्हची झाडं अडलीत. खोडं तांब्याची वायर पिळून झाली, पण जळकी पानं या स्केलला नीट जमत नाहीयेत, कोणी केली असतील तर फोटो टाका.