तुम्ही विचारलंत म्हणून: रेकॉर्डिंग मिळतं, मग मुलं वर्गात कशाला येतील?

तास रेकॉर्ड करून मुलांना देतो हे कळलं, की स्टाफरूममध्ये प्रश्न ठरलेला: "अहो सर, मग वर्गात येणार कोण?" पालकही तेच विचारतात, फक्त होस्टेलच्या खर्चाच्या बाजूनं.

वर्गात मी नुसतं उतरवून देणार असेन, तर त्यांनी खरंच येऊ नये. ७५ टक्के हजेरीच्या धाकानं बाकं भरतात, पण त्याला मी भरलेला वर्ग म्हणत नाही. आणि चांगलं व्याख्यानच हवं असेल, तर एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची फुकट पडली आहेत. त्यांच्याशी स्पर्धा करायची मला हौस नाही.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. पहिल्या वर्षाला हमखास विचारतो: एक्स्प्रेसवेवर भरलेला ट्रक छोट्या गाडीवर आदळला, तर जास्त बल कोणावर? न्यूटनचा तिसरा नियम सगळ्यांना पाठ असतो. तरी बहुतेक जण म्हणतात, गाडीवर! चुराडा तिचाच होतो ना. बल दोघांवर सारखंच असतं. गाडीचं वस्तुमान कमी, म्हणून तिला बसणारा हिसका मोठा. हे मी फळ्यावर सांगितलं तर वहीत उतरतं आणि तिथंच राहतं.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांच्या हेच लक्षात आलं आणि १९९१ पासून त्यांनी वर्गाची रीत बदलली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं आपापलं उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, आणि पुन्हा मत द्यायचं. पहिल्याच मतदानात बरोबर उत्तरं फारच कमी आली तर पुन्हा शिकवायचं, बहुतेकांची बरोबर आली तर पुढं जायचं. वाद लावायचा तो मधल्या परिस्थितीत. माझ्याकडं क्लिकर, म्हणजे बटण दाबून मत नोंदवायची यंत्रं, नाहीत. प्लिकर्सची छापील कार्डं आहेत: मुलं कार्ड हव्या त्या बाजूनं वर धरतात, मी माझा फोन वर्गावरून फिरवतो, मतं मोजून होतात. मुलांच्या फोनचा, डेटा पॅकचा प्रश्नच येत नाही. कोणी काय उत्तर दिलं ते शेजाऱ्याला सहजासहजी कळत नाही, हा त्याहून मोठा फायदा. नाहीतर पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाकडं बघून अख्खा वर्ग हात वर करतो.

मग जो गलका होतो तो मराठीत. माझं व्याख्यान इंग्रजीत, वाद मात्र "अरे येडा आहेस का, ट्रक पण मागं ढकलला जातो की" असा. त्या वेळी मी रेकॉर्डिंग बंद करतो. माइक चालू आहे म्हटलं, की चुकीचं उत्तर मोठ्यानं कोण बोलणार?

रेकॉर्डिंगचा खरा उपयोग मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना होतो. गणितातली एक पायरी ती पुन्हा पुन्हा थांबवून बघतात. हात वर करून "सर, परत सांगा" म्हणायला जी भीड वाटते, ती तिथं वाटत नाही. (रेकॉर्ड करणार असाल तर आवाज स्पष्ट येऊ द्या: पंख्याखाली उभं राहू नका आणि मागून आलेला प्रश्न स्वतः माइकवर पुन्हा बोला. कॅमेरा कितीचा घेतला यापेक्षा याला महत्त्व आहे.) परीक्षेच्या आदल्या रात्री दुप्पट वेगानं सगळे तास बघणारेही आहेतच. त्यांना इलाज नाही.

"सर शिकवत नाहीत, नुसते प्रश्न विचारतात," अशीही तक्रार येते. २०१९ मध्ये हार्वर्डच्याच भौतिकशास्त्राच्या वर्गांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वतः डोकं चालवायला लावणाऱ्या तासांनंतर मुलांना वाटलं की आपण कमी शिकलो, चाचणीत मात्र ती जास्त शिकलेली निघाली. सफाईदार व्याख्यान ऐकलं की समजल्यासारखं वाटतं, तो भास. वर्षाच्या सुरुवातीलाच मी हे मुलांना सांगून टाकतो.

एक भीती मात्र मला खरी वाटते, आणि ती हजेरीची नाही. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्यांना तासागणिक पैसे मिळतात. त्यांचे तास एकदा रेकॉर्ड झाले आणि पुढच्या वर्षी कोणी म्हणालं, "आहे की व्हिडिओ, तेच दाखवा," तर? म्हणून रेकॉर्डिंग त्या तुकडीपुरतं आणि त्या सत्रापुरतंच, हे आधी लेखी ठरवून घ्या. तसं लेखी मिळत नसेल तर कॅमेऱ्यासमोर उभं राहायला नकार देणाऱ्यांच्या बाजूनं मी आहे.