फीडरवरची ती ‘वेगळी चिमणी’ कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फीडरवर अनोळखी पक्षी दिसला की त्याचं नाव कसं काढता, हे मला सोसायटीत, लग्नाकार्यात, कुठेही विचारतात.

तर पहिलं म्हणजे रंगावर भरवसा ठेवायचा नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात सगळंच पिवळसर दिसतं. मी आधी पाठ बघते, मग चोच, आणि मापाला आपली रोजची चिमणी, ती तर झोपेतही ओळखू येते.

आमचं घर पुण्याच्या कडेला, मागे थोडी झाडी आहे. फीडरवर बाजरी आणि तांदळाची कणी असते. उन्हाळ्यात चिमण्यांच्या घोळक्यात एखादी जरा सडपातळ दिसते. चिमणीच्या पाठीवर काळ्या रेघा असतात ना, त्या हिच्या पाठीवर नाहीत, पाठ एकदम प्लेन, करडी-तपकिरी, पंखावर दोन पांढरे पट्टे आणि चोच बारीक, टोकदार. ही रानचिमणी, पीतकंठी चिमणी पण म्हणतात. गळ्यावर पिवळा ठिपका असतो खरा, पण खाली मान घालून दाणे टिपताना तो काय दिसणार डोंबल! मादीचा तर इतका फिका की असून नसल्यासारखा. नराच्या खांद्यावर विटकरी डाग असतो आणि विणीच्या दिवसांत त्याची चोच काळी होते.

पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी लहानपणी एअरगनने पाडली ती हीच. गळा पिवळा कसा, हे विचारायला ते मुंबईत बीएनएचएसमध्ये, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले, तिथले सचिव मिलार्डसाहेब, त्यांनी ती ओळखून दिली आणि वर कपाटं उघडून बाकीचे पक्षीही दाखवले. पक्षी ओळखून देणाऱ्या ॲपने नुसतं नाव सांगितलं असतं.

म्हणजे ॲप वाईट नाही हां, मर्लिन नावाचं ॲप मीही वापरते, फक्त जागा आणि तारीख नीट टाका.

थंडीत वेगळाच घोळ. सुगरणीच्या नराचा पिवळा रंग विणीनंतर जातो आणि तो मादीसारखाच दिसायला लागतो, पाठीवर रेघासुद्धा असतात, त्यामुळे बरेच जण चिमणी म्हणून सोडून देतात. तिथे चोच बघा, चांगली जाडजूड असते, आणि शेपूट आखूड.

आणि मला फोटो पाठवाल तेव्हा कृपा करून पाठ दिसेल असा पाठवा, नुसतं पोट नको.